फिनिशियन देव समजून घ्यायचेत? आधी गाव धरा, मग देव

मागच्या मे महिन्यात माझी पुतणी सांगलीला घरी आली होती, कॉलेजात प्रेझेंटेशन होतं तिचं, आल्या आल्या म्हणाली, "काका, फिनिशियन लोकांच्या देवांची एक लिस्ट द्या की, कोण कशाचा देव ते, बास." ग्रीकांची कशी असती, झ्यूस विजेचा, पोसायडन समुद्राचा, तशी. फिनिशियन म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे जुन्या काळचे दर्यावर्दी लोक. मी म्हणलं बस जरा, कारण ही लिस्ट केली की फिनिशियन देव हातातनं सुटलेच म्हणून समज. मग चार दिवस आम्ही दोघांनी मिळून एक वही केली, ती करताना जी पद्धत वापरली तीच इथं सांगतोय. कुणाला शाळेसाठी, कॉलेजसाठी, नायतर नुसतं आवड म्हणून सुरुवात करायची असंल तर उपयोगी पडंल. खर्च एका दोनशे पानी वहीचा आणि तीन रंगांच्या पेनांचा.

आधी नकाशा उघडा. मोबाईलवर लेबनॉन काढा आणि किनाऱ्यानं खालून वर या. पहिलं टायर, मग सिडोन, मग बैरूत, मग बायब्लॉस, आणि अजून वर गेलं की सिरियाच्या हद्दीत अरवाद नावाचं एवढंसं बेट. टायरला तिथले लोक आजही सूर म्हणतात, जुनं नावही तेच, अर्थ खडक, म्हणून वहीत सूरच लिहा. सिडोन म्हणजे आजचं सैदा. बायब्लॉसचं त्यांचं स्वतःचं नाव गुबल, आत्ताचं जुबैल. सूर ते गुबल हे सगळं अंतर साधारण सांगली ते सातारा एवढंच आहे, कराडमार्गे एसटीनं जाता तेवढं. एवढ्या पट्ट्यात चार-पाच राज्यं, प्रत्येकाचा राजा वेगळा, बंदर वेगळं, देऊळ वेगळं. आणि ते स्वतःला "आम्ही फिनिशियन" असं म्हणतच नव्हते, ते नाव ग्रीकांनी दिलेलं. ते म्हणायचे आम्ही सूरचे, आम्ही सिडोनचे. आपल्याकडं माणूस पुण्यात भेटला तरी विचारतो, गाव कुठलं, तसंच.

म्हणून वहीचं पान देवाच्या नावानं उघडू नका, गावाच्या नावानं उघडा. सूरचं एक पान, सिडोनचं एक, गुबलचं एक, कार्थेजचं (सूरच्या लोकांनी समुद्रापार वसवलेलं गाव) एक, आणि मागं चार पानं उगारित नावाच्या जुन्या शहरासाठी मोकळी सोडा, ते का ते पुढं सांगतो. माझ्या मते निम्मं काम इथंच झालं.

आता पहिला घोळ म्हणजे बाअल. इंग्लिश पुस्तकात वाचाल तर बाअल हा वादळाचा देव असं एका ओळीत मिळतं आणि लोक तेच लिहून मोकळे होतात. पण बाअल हा मुळात शब्द आहे, अर्थ मालक, धनी, स्वामी. बाअलत म्हणजे मालकीण. अदोन म्हणजे प्रभू, महाराज. आता आपल्याकडं नुसतं "खंडोबाला जाऊन आलो" म्हणलं तर लगेच प्रश्न येतो, कुठल्या, पालीच्या का जेजुरीच्या? बिरोबा म्हणलं तर आरेवाडीचा का आणि कुठला? यमाई म्हणलं तर औंधची. देव आणि गाव एकमेकाला चिकटलेलं असतं, आणि पालीचा आणि जेजुरीचा खंडोबा एकच का वेगळा हे भक्ताला विचारलं तर तो म्हणतो एकच, पण नवस पालीला बोललेला असंल तर तो पालीलाच फेडायचा. हे ज्याला कळतं त्याला बाअल कळायला अडचण येत नाही. बाअल शामेम म्हणजे आकाशाचा धनी, बाअल सफोन म्हणजे सफोन डोंगराचा धनी (तो डोंगर आजचा जबल अक्रा, तुर्कस्तान-सिरिया सीमेवर), बाअल हम्मोन कार्थेजचा, आणि बैरूतच्या वरच्या डोंगरात बाअल मर्कोद, म्हणजे नाचाचा धनी, त्याचंही देऊळ होतं. इ.स.पू. सातव्या शतकात असिरियाचा राजा एसारहद्दोन यानं सूरच्या राजाशी तह केला, त्यात शपथ मोडली तर काय होईल ते लिहिलंय, त्यात बाअल शामेम, बाअल मलागे, बाअल सफोन अशी तीन नावं वेगवेगळी घेतलीत आणि म्हणलंय की हे तुझ्या जहाजांवर वाईट वारा सोडतील, जहाजांचे दोर सुटतील. पुढं मेलकार्त आणि एश्मून हे देव येतात, ते देशाची वाट लावणार, आणि अश्तार्त देवी ऐन लढाईत तुझं धनुष्य मोडंल. शाप देतानासुद्धा कुणाकडं कुठलं खातं ते बघा, दर्यावर्दी राजाला भीती घालायची तर आधी वारा आणि दोर.

तर वहीत "बाअल" असं एकटं कधी लिहायचं नाही. कुठला बाअल, कुठल्या गावचा, कुठल्या लेखात, हे तिन्ही लिहायचं. समजत नसंल तर जागा मोकळी सोडायची.

दुसरं काम पेनांचं. ही माहिती आपल्यापर्यंत तीन वाटांनी आली आणि तिन्ही एकत्र कालवल्या की खिचडी होते. काळ्या शाईनं फक्त फिनिशियन लोकांनी स्वतः लिहिलेलं, म्हणजे दगडावरचे, सोन्याच्या पत्र्यावरचे, शवपेट्यांवरचे लेख. लाल शाईनं शेजाऱ्यांनी आणि विरोधकांनी लिहिलेलं, म्हणजे असिरियन तह आणि बायबलचा जुना करार. तिथं सिडोनी राजा एथबाअल याची मुलगी इझेबेल इस्राएलची राणी होऊन येते आणि तिचा बाअल खोटा ठरवला जातो, ती गोष्ट जोरदार आहे, पण ज्यांना बाअल नको होता त्यांनी सांगितलेली आहे हे विसरू नका. निळ्या शाईनं ग्रीक आणि रोमन. हेरोडोटस, डायोडोरस, ल्युशियन, प्लुटार्क वगैरे मंडळी, यांना उत्सुकता होती, पण हे प्रत्येक देवाला आपल्या देवाचं नाव देऊन टाकतात, मेलकार्तला हेराक्लीस, एश्मूनला अस्क्लेपियस, अश्तार्तला अफ्रोडाइटी, आणि मग मूळ माणूस हरवतो.

काळी शाई कमी पडते, हे आधीच सांगून ठेवतो. बावीस अक्षरांची वर्णमाला वापरणारे लोक हे, ग्रीकांनी अक्षरं यांच्याकडनं घेतली आणि त्यातनं पुढं आज जगभर चालणारी रोमन लिपी आली, तरी यांच्या स्वतःच्या देवकथांचं एक पुस्तक शिल्लक नाही. लिहायचे पपायरसवर, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत पपायरस टिकत नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर ज्यानं सांगलीत बघितलाय त्याला हे समजावून सांगायला नको. आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा खालच्या दोन कप्प्यातली पुस्तकं, वडिलांच्या हातच्या वह्या, आजीनं कुणाकडनं तरी उतरून घेतलेल्या ओव्या, सगळं लगदा होऊन गेलं, अजून आठवलं तरी पोटात तुटतं, आणि पाणी ओसरल्यावर बाहेर आलो तर नदीकाठचे दगडी लेख आणि वीरगळ चिखल माखून का होईना जागच्या जागी उभे. फिनिशियन लोकांचं तेच झालंय. त्यांच्या ओव्या गेल्या, दगड राहिले. म्हणून आपल्याला दगड वाचायला शिकावं लागतं.

दगड वाचणं वाटतं तेवढं अवघड नाही, सुरुवात कार्थेजपासून करा. कार्थेज म्हणजे कर्त-हदश्त, नवी नगरी, सूरच्या लोकांनी ट्युनिशियात वसवलेली, परंपरेनं साल इ.स.पू. ८१४. तिथं नवसाचे दगड हजारोंनी सापडलेत आणि बहुतेकांवर मजकूर तोच. ते उजवीकडनं डावीकडं लिहायचे आणि फक्त व्यंजनं लिहायचे, स्वर वाचणाऱ्यानं भरायचे. देवनागरीत मांडलं तर असं होतं: "लरबत लतनत पनबअल वलअदन लबअलहमन अश नदर" आणि पुढं माणसाचं नाव, "बन" आणि बापाचं नाव, आणि शेवटी "क शमअ कला ब्रका". आता फोडा. ल म्हणजे ला. रबत म्हणजे बाईसाहेब, मोठी मालकीण. तनत म्हणजे तनित देवी. पनबअल म्हणजे बाअलचं मुख. व म्हणजे आणि. अदन म्हणजे प्रभू. अश नदर म्हणजे जे नवस बोलला ते. शेवटचं म्हणजे, कारण देवानं त्याची हाक ऐकली, त्याला आशीर्वाद दिला. झालं की वाचून. "बाईसाहेब तनित, बाअलचं मुख, हिला, आणि प्रभू बाअल हम्मोन याला, अमक्याच्या पोरानं तमक्यानं बोललेला नवस, कारण हाक ऐकली गेली." आपल्याकडं देवळात घंटा वाहून तिच्यावर नाव घालतात, पायरी बसवून तिच्यावर "नवसपूर्तीनिमित्त" कोरतात, हा तोच प्रकार. पुतणीनं हे एक वाक्य फोडल्यावर म्हणाली काका हे तर आपल्या देवळातल्या फरशीवरचं आहे, आणि तिथनं पुढं मला ढकलायला लागलं नाही तिला. तनितची खूण पण ओळखून ठेवा, खाली त्रिकोण, वर आडवी रेघ, त्यावर गोल, हात पसरून उभी बाई वाटते. दगडावर, फरशीवर, मडक्यावर सगळीकडं दिसते.

इथं एक सावधगिरी, आणि ही मी फार कळकळीनं सांगतोय. वरच्या वाक्यात "ल" म्हणजे "ला" आलं, मराठीतही "देवीला" म्हणतो. हा निव्वळ योगायोग आहे. तसंच उगारितच्या गोष्टीत यम नावाचा देव आहे, पण तो समुद्र, आपल्या यमाशी त्याचा काही संबंध नाही. असल्या जुळण्यांवरनं व्हॉट्सॲपवर मोठमोठे मेसेज फिरतात, ऋग्वेदातले पणि म्हणजे फिनिशियन, हे सगळे आपल्याकडनं गेलेले लोक, असलं, आणि त्याला पुराव्याचा आधार नाही. मग खरं नातं कसं ओळखायचं? वाट दाखवता आली पाहिजे. उगारितच्याच गोष्टीत मृत्यूचा देव आहे मोत, आणि आपल्याला माहीत असलेला "मौत" हा शब्द खरंच त्याच्या घराण्यातला आहे, कारण तो अरबीतनं आलाय आणि अरबी व फिनिशियन एकाच सेमिटिक कुळातल्या. मिल्क म्हणजे राजा, आपल्या मलिक अंबरातला मलिक तोच. फिनिशियन "अब्द" म्हणजे दास, मिरजेत अब्दुल, अब्दुर्रहमान ही नावं रोज कानावर पडतात, त्यातलं अब्द तेच. "बन" म्हणजे मुलगा, अरबीतलं इब्न, बिन. बघा, शब्द आपल्याजवळ आहेत, पण ते कुठनं आले ते सांगता येतं, म्हणून ते खरे. कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडायचं नाही.

आणि ही माणसांची नावं म्हणजे तर खजिनाच आहे, मला या सगळ्यात नावंच जास्त आवडतात. खंडेराव, जोतिबा, बिरूदेव, देवदत्त, रामदास, नावावरनं घरातला देव कळतो. हॅनिबल म्हणजे बाअलची कृपा. हसद्रुबल म्हणजे बाअलनं मदत केली. अब्दमेलकार्त म्हणजे मेलकार्तदास, अब्देश्मून म्हणजे एश्मूनदास, बोदअश्तार्त म्हणजे अश्तार्तच्या हातून, हा सिडोनचा राजा होता. मत्तन म्हणजे दिलेली भेट, देवदत्तातला दत्तच की. तर नाव दिसलं की फोडायचं आणि त्या त्या गावच्या पानावर लिहायचं, म्हणजे कुठल्या गावात कुठल्या देवाच्या नावानं पोरं वाढत होती त्याचा अंदाज येत जातो. कथा एकही वाचली नसली तरी.

आता गावं घ्या एकेक.

सूरचा मेलकार्त. मिल्क-कर्त, नगराचा राजा, नावातच गाव. इ.स.पू. दहाव्या शतकात हिराम राजानं त्याचं आणि अश्तार्तचं देऊळ बांधलं आणि देवाला उठवण्याचा उत्सव सुरू केला असं जोसिफस हा ग्रीकमध्ये लिहिणारा ज्यू इतिहासकार एका जुन्या इतिहासकाराच्या आधारानं सांगतो (निळी शाई). आपल्याकडं कार्तिकीला देव झोपेतनं उठतो, पण मेलकार्तचं उठणं मरणातनं उठणं होतं असं दिसतं, म्हणून दोन्ही एक समजू नका. गंमत अशी की फिनिशियन लेखांमध्येही "देवाला उठवणारा" अशी पदवी मिरवणारी माणसं भेटतात, म्हणजे निळ्या शाईला काळ्या शाईची साक्ष मिळाली, अशा जागी वहीत चांदणी काढायची. हेरोडोटस स्वतः सूरला गेला होता, देवळात दोन खांब बघितले म्हणतो, एक सोन्याचा, एक पाचूचा, रात्री चमकणारा, आणि पुजाऱ्यांनी त्याला सांगितलं की देऊळ २३०० वर्षांपूर्वीचं आहे, गाव वसलं तेव्हाचं. सूर तेव्हा बेटावर होतं. इ.स.पू. ३३२ ला अलेक्झांडर आला आणि म्हणाला मला तुमच्या हेराक्लीसला बळी द्यायचाय. सूरकरांनी सांगितलं किनाऱ्यावरच्या जुन्या गावात दे, बेटावर नाही. नुसतं दर्शन असतं तर अडवलं नसतं हो, पण नगराच्या राजाची पूजा करणारा तो नगराचा राजा, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. सात महिने वेढा पडला, समुद्रात भराव टाकून रस्ता केला त्यानं, आणि गाव पडलं. त्या भरावाशी वाळू साचत गेली आणि ते बेट आज बेट राहिलेलंच नाही, नकाशात बघा.

आणि कार्थेजचे लोक समुद्रापार गेले तरी सूरच्या मेलकार्तला दरसाल वाटा पाठवायचे. पुढं श्रीमंत झाले, पाठवणं कमी केलं, आणि इ.स.पू. ३१० मध्ये सिसिली बेटावरच्या सिराक्यूजच्या अगॅथोक्लीसनं कार्थेजवर चाल केली तेव्हा त्यांना वाटलं की मूळ देव कोपला, आणि भरभरून पैसे-दागिने सूरला पाठवले, असं डायोडोरस सांगतो. पोरं नोकरीला मुंबईला गेली, चार वर्षं कुलदैवताला गेली नाहीत, आणि घरात काही वाईट झालं की म्हातारी म्हणते देवाला विसरलात. मला ही ओळ वाचली की कार्थेज एकदम जवळचं वाटतं.

सिडोनला अश्तार्त आणि एश्मून. तिथले राजे स्वतःला अश्तार्तचे पुजारी म्हणवायचे. तब्नित राजाची शवपेटी १८८७ ला सापडली, त्यावर लिहिलंय मी अश्तार्तचा पुजारी, सिडोनींचा राजा, मला उघडू नका, माझ्याजवळ सोनंही नाही चांदीही नाही, अश्तार्तला हे अमंगळ आहे. त्याचा मुलगा एश्मूनअझर, त्याची पेटी १८५५ ला सापडली, आता पॅरिसला लूव्र संग्रहालयात आहे, त्यावरचा लेख बावीस ओळींचा. तो म्हणतो मला वेळेआधी ओढून नेलं, मी विधवेचा पोरगा. आणि पेटी उघडणाऱ्याला शाप देतो, त्याला खाली मूळ नसो आणि वर फळ नसो. आपल्याकडं गधेगाळ असतात, दानाची जमीन बळकावील त्याला शाप कोरलेला दगड, तो ज्यानं बघितलाय त्याला हा प्रकार नवा नाही, पण भाषा बघा किती वेगळी, शेतातल्या झाडाची आहे, आणि किती करुण. हा लेख पूर्ण वाचा, भाषांतरं ऑनलाइन मिळतात. फिनिशियन माणूस आपल्याशी थेट बोलतोय असं मला तिथंच वाटलं.

एश्मून हा बरं करणारा देव. सिडोनजवळ अव्वाली नदीच्या काठी त्याचं मोठं देऊळ, पाण्याचे हौद, आणि तिथं लहान मुलांच्या संगमरवरी मूर्ती सापडल्यात, मांडी घालून बसलेली गुबगुबीत पोरं, आईबापांनी वाहिलेली. त्याची कथा फार उशिरा एका ग्रीक लेखकानं लिहिली, डमॅस्कियसनं, की तो बैरूतचा देखणा शिकारी होता, देवी त्याच्या मागं लागली, त्यानं स्वतःवर कुऱ्हाड चालवली, आणि देवीनं त्याला पुन्हा जिवंत करून देव केलं. निळी शाई, हजार वर्षं उशिराची, तशी नोंद करा.

आता ती मागची मोकळी पानं. १९२८ मध्ये सिरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याच्या नांगराला दगड लागला, खाली थडगं निघालं, पुढच्या वर्षी फ्रेंच लोकांनी खोदाई सुरू केली आणि उगारित नावाचं शहर वर आलं, मातीच्या पाट्यांसकट. हे शहर इ.स.पू. १२०० च्या आसपासच जळून गेलं, म्हणजे आपले फिनिशियन लेख सुरू व्हायच्या आधी, आणि ते फिनिशियन म्हणता येत नाही, चुलतघर म्हणा. पण पाटी मातीची असल्यानं कथा टिकली, आणि ती इलिमिल्कु नावाच्या लेखनिकानं लिहिलेली. म्हणून वेगळी पानं. ती सूरच्या पानावर ओतायची नाही, पण वाचल्याशिवाय पुढंही जायचं नाही.

कथा अशी. समुद्र, म्हणजे यम, देवांवर राज्य करायला बघतो. कारागीर देव कोथर बाअलला दोन सोटे करून देतो, त्यांना नावं आहेत, यग्रुश आणि अय्यमुर, हाकलणारा आणि पळवणारा म्हणा, पहिला खांद्यावर बसतो तरी समुद्र पडत नाही, दुसरा कपाळात बसतो आणि पडतो. मग बाअलला वाडा पाहिजे. वाड्याला खिडकी ठेवायची का नाही यावर कोथरशी वाद होतो, बाअल आधी नको म्हणतो, मग ठेवतो, आणि त्या खिडकीतनं गडगडाट करतो. मग मोत, त्याचा एक ओठ जमिनीला आणि एक आभाळाला, तो बाअलला गिळतो. थोरला देव एल सिंहासनावरनं उतरून मातीत बसतो, डोक्यावर धूळ घेतो. बाअलच्या जागी दुसऱ्याला बसवून बघतात तर त्याचे पाय पायपाटापर्यंत पोचत नाहीत. आणि मग बाअलची बहीण अनत. ती मोतला धरते. तलवारीनं कापते, चाळणीत घालून पाखडते, आगीत भाजते, जात्यावर दळते, आणि शेतात पेरते.

हे वाचताना थांबा जरा. कापणं, पाखडणं, भाजणं, दळणं, पेरणं, खळ्यावर आणि जात्यावर बायका जे करतात ती सगळी कामं तिनं मरणावर केली. ज्यानं जात्याची घरघर ऐकलीय त्याच्या अंगावर काटा येतो. आणि मग एलला स्वप्न पडतं, आभाळातनं तेलाचा पाऊस पडतोय, कोरडे ओढे मधानं वाहतायत, म्हणजे बाअल जिवंत आहे. इजिप्तला नाईल आहे, लेबनॉन-सिरियाच्या शेताला पाऊस. माण, खटाव, जत, आटपाडीच्या माणसाला या देवाचं महत्त्व कुठल्या प्रोफेसरनं सांगायची गरज नाही, ओढा वाहिला म्हणजे देव आला. शेवटी बाअल आणि मोत रानरेड्यांसारखे झुंजतात, कुणी हटत नाही, सूर्यदेवी शपश मधी पडते आणि मोत माघार घेतो. मेला असं नाही. माघार घेतो.

फायलोचं थोडक्यात. बायब्लॉसचा फायलो, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला, यानं ग्रीकमध्ये फिनिशियन देवांचा इतिहास लिहिला, म्हणाला मी सांखुनियथोन नावाच्या प्राचीन माणसाचं भाषांतर करतोय, आणि त्याचे तुकडे चौथ्या शतकातल्या युसिबियस या ख्रिस्ती लेखकानं उतरवून घेतले म्हणून राहिले. बरेच दिवस लोक म्हणायचे यानं घरी बसून रचलं. पण त्यात खूसोर नावाचा देव आहे, लोखंड शोधणारा, मासे धरायचा गळ आणि दोरी काढणारा, आणि उगारितच्या पाट्या वाचल्यावर कळलं की हा कोथरच. तर वाचा, पण निळ्या शाईत, आणि काळ्याशी जुळलं तरच चांदणी.

कार्थेजच्या पानावर एक जागा फार जपून भरायची, ती तोफेतची. १९२१ ला तिथं एक आवार सापडलं, त्यालाच तोफेत म्हणतात, मडक्यांत जाळलेल्या तान्ह्या मुलांच्या आणि कोकरांच्या अस्थी, वर नवसाचे दगड. ग्रीक-रोमन लेखक म्हणतात हे लोक मुलं बळी द्यायचे. आज अभ्यासकांत दोन तट आहेत, एक म्हणतो बळीच, नवसाचा मजकूर सरळ तेच सांगतो, दुसरा म्हणतो जन्मतः किंवा लवकर गेलेल्या मुलांचं हे वेगळं स्मशान. तुमच्या वहीत दोन्ही बाजू लिहा, कुठला पुरावा कुणाचा तेही लिहा. प्रेझेंटेशनला पहिली स्लाईड याची करू नका, एवढं मात्र हात जोडून सांगतो. एखाद्या समाजाची ओळख त्याच्या शत्रूनं सांगितलेल्या सगळ्यात भयंकर गोष्टीवरनं करून द्यायची नाही.

गुबलला देवीचं नावच बाअलत गुबल, गुबलची मालकीण, तिचं दुसरं नाव लेखांत येतच नाही. इ.स.पू. पाचव्या शतकातला तिथला राजा येहवमिल्क दगडावर सांगतो की मी माझ्या बाईसाहेबांना हाक मारली, त्यांनी ऐकली, माझं भलं केलं. पुढं रोमन काळातल्या तिथल्या नाण्यावर देऊळ दिसतं आणि अंगणात मधोमध नुसता शंकूसारखा उभा दगड, मूर्ती नाही. आपण ज्याला तांदळा म्हणतो, शेंदूर लावलेला बिनहातापायाचा देव, तो ज्याच्या शेताच्या बांधावर आहे त्यानं ते नाणं नक्की बघावं.

माहिती कुठं शोधायची म्हणाल तर मराठी विश्वकोश आपल्या वाईतच तयार झालाय आणि ऑनलाइन फुकट वाचायला मिळतो, ग्रीस, इजिप्त, असिरिया या शेजाऱ्यांची ओळख तिथनं करून घ्या, मग लेखांच्या भाषांतरांकडं जा. संग्रहालयांचे फोटो बघताना पेटीचा नुसता समोरचा फोटो बघू नका, अक्षरांवर झूम करा, वरच्या वाक्यातला ल आणि बन शोधून काढा. एक अक्षर ओळखू आलं की फार बरं वाटतं.

शेवटची नोंद गुबलच्याच पानावर, नदीची. गावाच्या दक्षिणेला एक नदी समुद्राला मिळते, आज नहर इब्राहिम, तेव्हा अदोनिस, म्हणजे तोच अदोन, प्रभू. डोंगरात अफ्का इथं तिचा झरा. अदोनिस हा तरणा देव शिकारीत रानडुकरानं मारला आणि दरसाल त्याच्या रक्तानं नदी तांबडी होते, तेव्हा बायका ऊर बडवून रडायच्या. दुसऱ्या शतकात ल्युशियन तिथं गेला, त्याला गावातल्या एका माणसानं सांगितलं, पाव्हणं, रक्त नाही ते, डोंगराची माती लाल आहे, त्या दिवसांत वारा सुटतो आणि ती माती नदीत येते. आषाढात आयर्विन पुलावर उभं राहून कृष्णेचं तांबडं पाणी बघणाऱ्या कुणालाही हे पटंल. ल्युशियनलाही पटलं. पण पुढं तो लिहितो की माणूस खरं सांगत असला तरी वारा नेमका त्याच दिवसांत सुटतो, हे मला देवाचंच वाटतं. पुतणीनं ही ओळ निळ्या शाईनं उतरवून घेतली आणि शेजारी "काळी शाई शोधायची" असं लिहून जागा मोकळी सोडली.